बदलीची धून

आमच्या नातीला वाटत होतं, की ती धून मला येते. मुलीलाही तसंच वाटत होतं. आमच्या ह्यांना तर खात्रीच होती, कारण ती खात्री मीच त्यांना दिली होती. मकावमधल्या एका हॉटेलच्या मागच्या खोलीत मी त्यांना म्हटलं होतं, "ऐकली. फार छान वाजवलीत." ते खोटं होतं. ते इतकी वर्षं गप्प पडून राहिलं आणि इथे अमेरिकेत, मुलीच्या गावी नोव्हायमध्ये येऊन उठलं.

हे सॅक्सोफोन वाजवायचे. सावंतवाडीच्या लग्नाच्या बँडमध्ये शिकले, मग गोव्यात एका हॉटेलात लागले. तिथे पियानो वाजवणारा एक गोवेकर होता. त्याने ह्यांना मकावला नेलं. मकाव म्हणजे चीनच्या कडेला चिकटलेलं छोटंसं गाव. तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, गोव्यात होतं तसं. आम्ही गेलो तेव्हा ते नुकतंच संपलं होतं, पण रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत होत्या आणि चौकातले काळेपांढरे दगड लाटांसारखे बसवलेले होते. हे गेले त्याच्या वर्षभराने मी गेले. मुलगी नऊ वर्षांची होती. तिला सावंतवाडीत आत्याकडे ठेवलं. सहा वर्षं.

त्या गावात वाजवणाऱ्यांची कमतरता नव्हती. रविवारी चौकात फिलिपिन्सच्या मुली गिटार घेऊन बसायच्या, त्यांची सुट्टी असायची. देवळाच्या जत्रेला बांबूचा मांडव घालून चिनी नाटक लागायचं, झांजांचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून यायचा. चर्चच्या मिरवणुकीत पोलिसांचा बँड सावकाश चालायचा. एका खाणावळीत जुनी पोर्तुगीज मंडळी मेंडोलिन घेऊन जमायची आणि आपल्याच मिसळलेल्या भाषेत गायची. मी भाजी आणायला जाताना हे सगळं बाहेरून ऐकायचे. आत कुठे गेले नाही. कोणी बोलवलं तरी मला आत जाववत नसे.

ह्यांचा बँड चौघांचा होता. पियानो, ड्रम, सॅक्सोफोन आणि बेस, म्हणजे जाड आवाजाची गिटार. हॉटेलात पत्त्यांच्या टेबलांशेजारी मोठा हॉल होता, तिथे दुपारी तीन ते सात त्यांची पाळी. सातनंतर दुसरा बँड. हॉटेलचा एक कडक नियम होता, की वाजणं थांबता कामा नये. वाजणं थांबलं की खेळणारे घड्याळाकडे बघतात आणि उठतात. म्हणून बँड बदलायचा तो वाजता वाजता. आधी नवा ड्रमवाला येऊन जुन्याच्या शेजारी उभा राहायचा, ठोका पकडायचा आणि जुना उठायचा. मग बेस, मग पियानो. सगळ्यात शेवटी हे. तोपर्यंत नवे लोक हळू वाजवत यांच्या सुरांखाली थांबायचे, आणि शेवटच्या ओळी तर हे अगदी एकटेच वाजवायचे. नव्या बँडचा माणूस ती ओळ यांच्या तोंडून घेतल्यासारखी उचलायचा आणि हे उतरायचे.

प्रत्येक बँडची बदलीची धून स्वतःची असायची. ह्यांच्या बँडची यांनीच बसवलेली. वरात मांडवात शिरताना सावंतवाडीचा बँड जे वाजवायचा, त्यातलं काहीतरी तिच्यात आहे, असं म्हणायचे. पण कधी घरी वाजवली नाही. वाजवणाऱ्यांत तसा समज होता. बदलीची धून वाजवली की उतरायचं. जागा घ्यायला कोणी आलेलं नसताना ती वाजवायची नाही. अपशकून असतो. आम्ही राहायचो तिथे तसंही काही वाजवता येत नसे, शेजारचे रात्रपाळी करून दिवसा झोपलेले असायचे. हे खिडकीशी बसून नुसती बोटं दाबायचे, फुंकर न मारता. वाद्याच्या चाव्यांचा टकटक आवाज यायचा तेवढाच.

स्टेजच्या मागे बँडला कपडे बदलायला एक खोली दिली होती. मी तिथे बसून शर्टांना इस्त्री करायचे. दिव्यांखाली चौघे घामाने भिजायचे आणि दर तासाला आळीपाळीने एकेक जण आत येऊन शर्ट बदलायचा. ते माझं काम होतं. कोणी सांगितलं नव्हतं, मीच धरलं होतं. ती भिंत स्टेजच्या पाठीला लागून होती. बेसचा मोठा स्पीकर भिंतीला टेकलेला असायचा, त्यामुळे बेस माझ्या पाठीत वाजायचा, इस्त्रीच्या टेबलात वाजायचा. ड्रमचा मोठा ठोकाही यायचा. सॅक्सोफोनचं तोंड पलीकडे, लोकांकडे. तो आवाज भिंतीतून येत नसे. फार तर कधी कुठे एखादा कण, तोही माझा भास असेल.

सात वाजता बदलीची धून सुरू झाली, की मला बेसवरून कळायचं. मग ड्रम बदलला, की ठोक्याचा हात वेगळा लागायचा. मग बेस थांबायचा आणि भिंत गप्प व्हायची. आता हे एकटे वाजवतायत, असं मी समजायचे. तेवढ्यात चहाचं पाणी ठेवायचे. पाण्याला आधण येईपर्यंत दार उघडून हे आत यायचे.

सहा वर्षांनी बँड बंद केला. गावात मोठमोठे कॅसिनो उघडले होते, बाहेरून नावाजलेले गायक एका दिवसासाठी यायचे. आमच्या हॉटेलने हॉलमध्ये एक मशीन आणायचं ठरवलं, ज्यात सगळी वाद्यं भरलेली, आणि वर गायला एक मुलगी. शेवटच्या दिवशी पियानोवाला गोवेकर मला म्हणाला, "वहिनी, सहा वर्षं आमचे शर्ट कडक केलेत. आज समोर बसून बघा तरी, ते शर्ट दिसतात कसे."

हे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं. हिरवी साडी नेसले. सातला थोडा वेळ राहिला असताना पुढच्या दाराने हॉलमध्ये गेले. गालिचा इतका मऊ होता, की पाऊल पडलं की नाही ते कळेना. लगेच एक मुलगी हातात मेनूचं कार्ड घेऊन आली, हसून काहीतरी विचारलं आणि खुर्ची ओढली. दोन टेबलांवरची माणसं वळली. मी "टॉयलेट" म्हटलं. एवढाच एक शब्द सुचला. ती दाखवत होती त्या बाजूला गेले आणि तिथून जिन्याने मागे, इस्त्रीच्या खोलीत. भिंतीला पाठ लावून बसले. बदलीची धून सुरू झाली होती. बेस वाजला, ड्रम वाजला, मग दोन्ही थांबले. आणि मग भिंतीतून वेगळाच ठोका यायला लागला, घड्याळासारखा, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. हे दारातूनच म्हणाले, "ऐकलीस?"

"ऐकली. फार छान वाजवलीत."

"दिसली नाहीस कुठे."

"मागे होते. खांबाआड."

हसले. "खांबाआड का असेना, आलीस." मग वाद्य पुसायला बसले. इतकं खूश मी त्यांना त्यानंतर क्वचितच बघितलं.

पुढे सावंतवाडीला परत आलो. मुलगी तोवर पंधरा वर्षांची झाली होती आणि आमच्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलायची. शिकली, लग्न झालं. जावई इथे मोटारींच्या कंपनीत आहे. नात झाली, मग काही वर्षांनी आम्हाला दोघांना कायमचं बोलावून घेतलं. हे इथे बेसमेंटमध्ये वाजवायचे. चार फूट बर्फ पडलं तरी खालून आवाज यायचा. नातीने शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन घेतला तेव्हा हे तिचे मास्तर झाले. ती अर्धं इंग्रजीत बोलायची, हे मराठीत, आणि दोघांचं छान चालायचं.

"आजोबा, टीच मी युवर साँग. तुमचं स्वतःचं."

"अजून ओठ कच्चे आहेत. पिकू देत. तू माझ्या शेजारी उभी राहशील, मी वाजवीन, आणि शेवटची ओळ तू उचलायची. मग मी उतरणार."

"उतरणार म्हणजे?"

"म्हणजे जाऊन तुझ्या आजीच्या हातचा चहा पिणार."

"आणि तुम्ही विसरलात तर?"

"मी विसरलो तर आजीला विचार. तिने समोर बसून ऐकलीय. तिचे कान पक्के आहेत."

मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते. मान खाली ठेवली. तेव्हा सांगता आलं असतं. हे धडधाकट होते, हसले असते, चिडले असते, पण वाजवून दाखवली असती. मला वाटलं, वाजवतीलच कधीतरी, तेव्हा ऐकेन, कोणाला काही कळायचं कारण नाही.

मागच्या हिवाळ्यात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुलीने जेवणाच्या खोलीतलं टेबल हलवून तिथे यांचा पलंग लावला. डॉक्टरांनी सांगितलं, की ओळखीची गाणी ऐकवा. ज्याला बोलता येत नाही त्याला कधी कधी गाणं येतं, आणि गाण्यामागून शब्द येतात.

"आई, तूच गा. बाबांची ती धून," मुलगी म्हणाली.

"मला कुठे गाता येतं?"

"गाऊ नकोस, नुसतं गुणगुण. इथे ऐकायला आहे कोण? मी आणि ही."

मी उद्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी घसा बसलाय म्हटलं. असे पंधरा दिवस काढले. मुलगी मला आल्याचा काढा करून द्यायची आणि मी तो प्यायचे.

मग एका सकाळी, घरात कोणी नसताना, मी मडगावला गोवेकराला फोन लावला. त्याचा नंबर ह्यांच्या जुन्या वहीत होता. तो आता एका कानाने बहिरा आहे, ओरडून बोलतो. ह्यांचं ऐकून रडला. मग मी ती धून विचारली.

"वहिनी, कशी सांगू? मी खाली सूर धरून बसायचो, तो वर उडायचा. माझं खालचं विचारा, आत्ता वाजवतो. वरचं त्याचं."

"कोणी रेकॉर्ड केली असेल?"

"हॉटेलात मनाई होती. शेवटच्या दिवशी तरी करायला हवी होती बघा. त्या दिवशी बदलीला कोणी आलंच नाही ना. मशीनवाल्या मुलीने बटण दाबलं, आम्ही तिघे उतरलो. हा उतरेना. वाजवतच राहिला, मशीनच्या वर. कितीदा वाजवली! मॅनेजर येऊन हाताला धरून घेऊन गेला." मग म्हणाला, "पण तुम्ही समोरच होतात की. तुम्ही बघितलंतच हे सगळं."

मी हो म्हटलं. तेच खोटं, दुसऱ्यांदा.

त्या शनिवारी नात फोन घेऊन पलंगाशी बसली. "आजी, जस्ट हम. मी रेकॉर्ड करते, मग शोधून काढते." मुलगी दारात उभी होती. आणि हे माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा एका बाजूने ओघळलाय, पण डोळे तसेच आहेत. दार उघडून "ऐकलीस?" म्हणाले होते तेव्हाचे.

मला काहीतरी करणं भाग होतं. मला जे येत होतं ते मी केलं. डोळे मिटले आणि भिंतीतून यायचं ते गुणगुणले. खाली, जाड आवाजात. हाताने मांडीवर ठोका धरला. सहा वर्षं रोज सात वाजता ऐकलेलं, एक ठोकाही चुकला नाही. ड्रम बदलला तिथे हात बदलला. बेस थांबला तिथे थांबले.

"वेट, दॅट्स द बेस लाइन," नात म्हणाली. "आजी, हे खालचं आहे. मेलडी कुठेय?"

"एवढंच येतं."

"पण तू समोर बसली होतीस."

मग मी सांगितलं. तिथेच, यांच्या समोर. गालिचा, कार्ड, टॉयलेट, सगळं. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला होता, की मुलगी दोन पावलं पुढे आली.

"म्हणजे तू कधीच ऐकली नाहीस? सहा वर्षांत एकदाही?"

"नाही."

"मला आत्याकडे टाकून तू तिथे सहा वर्षं भिंतीला कान लावून बसलीस?" ती ओरडली नाही. मोजून बोलली. "निदान आत तरी जायचंस, आई."

ती वर गेली. तिची मीटिंग होती, किंवा नव्हती.

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. नातीने माझी बाही ओढली. "आजी, बघ. बघ ना."

ह्यांचा डावा हात पांघरुणावर आला होता. बोटं हलत होती. खिडकीशी बसून दाबायचे तशी, एक, तीन, दोन, परत तीन. बेस थांबल्यावर भिंत गप्प व्हायची, त्या जागी ते वाजवत होते. डोळे माझ्यावर होते. राग असता तर बरं झालं असतं. ते मला ऐकवत होते.

नातीने तिचा सॅक्सोफोन आणला, फोनवर घेतलेलं बोटांचं चित्रण हळू करून बघितलं. दोन तास बसली. मग वाद्य खाली ठेवलं.

"जमत नाही, आजी. डाव्या हाताची तीन बोटं दाबली, की सूर 'जी' असेल. नाहीतर एफ, नाहीतर ई, नाहीतर डी. ते उजव्या हातावर ठरतं. आणि अंगठा पांघरुणात रुतलाय, म्हणजे सूर वरचा की खालचा तेही कळत नाही. इट कुड बी एनीथिंग."

"सगळे करून बघ ना एकेक."

"हजार गाणी होतील. त्यातलं खरं कुठलं ते कोण सांगणार?"

तिने ह्यांना विचारलं. चार-पाच प्रकारे वाजवून दाखवलं, बरोबर असेल तर डोळे मिटा म्हणाली. हे प्रत्येकाला डोळे मिटायचे. थकले होते, की तिला खूश करत होते, कोण जाणे. तिने तीन रविवार प्रयत्न केला. नंतर तिची परीक्षा आली. मी तिला दोष देत नाही. लहान आहे ती, आणि ही चूक तिची नाही.

मी मात्र रोज करते. दुपारी घर रिकामं असतं. रस्त्यावर कोणी नसतं, एखादी गाडी जाते. मी पलंगाशी बसून खालचं गुणगुणते, ठोका धरते आणि थांबते. मग ह्यांची बोटं चालतात. सुरुवातीला बराच वेळ चालायची, मग कमी कमी. एप्रिलमध्ये दुसरा छोटा झटका आला. त्यानंतर दोनच बोटं हलायची, आणि कुठेही, काही धड नसायचं. मला ती धून येत नाही, तरी एवढं कळायचं, की ही ती नाही.

मुलगी माझ्याशी बोलते. औषधं, डायपर, उद्या नर्स किती वाजता येणार. ते सोडून नाही. एकदा भांडी लावताना तिला म्हटलं, "मी तुला आत्याकडे ठेवलं ते—"

"आई, नको आता. खरंच नको." आणि डिशवॉशर बंद केला.

काल मी सगळं नेहमीसारखं केलं. ठोका धरला. ड्रम बदलला तिथे हात बदलला. बेस थांबला तिथे थांबले. हात पांघरुणावर तसाच पडून राहिला. मी जवळ घेऊन बघितला, कोमट होता. श्वास चालू होता. डोळे उघडे होते, छताकडे. मी थांबून राहिले, पाण्याला आधण यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. मग परत पहिल्यापासून गुणगुणले, कदाचित त्यांनी ऐकलं नसेल म्हणून. हात हलला नाही.

उठून चहाचं पाणी ठेवलं. सवयीने दोन कप ठेवलं होतं. ह्यांना आता नळीने भरवतात.